अकतीची मूठ

तीस वर्षांच्या नोकरीत काय केलं, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे : चाललो. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, लोकांच्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. डोळे कायम खाली. एखादं झाड बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच दिसलं, एखादी लोंबी जरा तांबूस दिसली, की ते झाड मुळासकट उपटायचं. बियाण्याच्या धंद्यात याला शुद्धता राखणं म्हणतात. माझी बायको कुसुम याला ‘दुसऱ्याच्या वावरातलं निंदण’ म्हणते आणि तिचं फारसं चुकत नाही.

वडील गोंदियाकडचे, धानाच्याच मुलखातले. छत्तीसगढात भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले, म्हणून आमचं लहानपण सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये गेलं. मी शेतकी शिकलो आणि भिलाई-३ मधल्या एका छोट्या बियाणे कंपनीत चिकटलो, तेव्हा ते आईला म्हणाले होते, “आमी ज्या चिखलातून निंगालो, हा त्याच्यातच जाऊन राहिला.” कंपनी म्हणजे रेल्वेलाइनच्या बाजूचं एक गोदाम, मालक शेठजी, ऑफिसात दोघं, आणि शेतावर फिरणारा अधिकारी म्हणून मी एकटा बोरकर.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बियाणं म्हणजे धानच, नुसतं महाग विकलेलं. एकदा सेक्टर १० चेच एक रिटायर्ड फोरमन घरामागच्या तुकड्यात पेरायला पाच किलो बियाणं घेऊन गेले आणि महिन्याने भांडायला आले. शंभरातले पंच्याऐंशीच उगवले होते. मी सांगितलं, कायद्याने ऐंशी उगवले तरी बियाणं पास. ते म्हणाले, “आमच्या मिलमधून शंभरातले ऐंशी रूळ सरळ निघाले असते तर गाड्या कुठं गेल्या असत्या?” दाणा जिवंत असतो आणि जिवंत वस्तू सगळी ऐकत नाही, एवढं साधं वाक्य मला त्यांच्या पाठीमागे सुचलं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट अनुसयाबाईंची. ती मी आजवर कुठे लिहिली नाही, कारण तिच्यात माझी सही आहे.

शिवनाथ नदीच्या अंगाचं एक गाव. नाव लिहीत नाही, गावाने आमच्यामुळे पुष्कळ सोसलं आहे. अनुसयाबाईंचे मालक रेल्वेत गँगमन होते. तेही आमच्याच बाजूचे. त्यांनी या गावात दोन एकर घेतले आणि काही वर्षांनी वारले. माहेरी परत न जाता बाई तिथेच राहिल्या, शेती केली, छत्तीसगढी शिकल्या. तरी गाव त्यांना कितीतरी वर्षं ‘मराठिन’च म्हणत होतं. भांडण नव्हतं, पण लग्नात बोलावलं तरी कामाला लावलं नाही, असं चाले. ज्या घरच्या लग्नात तुम्हाला भाजी चिरायला बसवत नाहीत, ते घर तुमचं नसतं.

त्या गावात एक उंच, वासाचा धान पिकायचा. त्याला वेगळं नाव नव्हतं, सगळे ‘घरचा धान’ म्हणत. भात शिजला की वास तिसऱ्या घरी जायचा. दुर्गचा एक राइस मिलवाला तो सगळाच्या सगळा वरचा भाव देऊन उचलायचा आणि परदेशात पाठवायचा. खोट एकच : झाड छातीएवढं वाढायचं आणि दिवाळीच्या तोंडावर वारा सुटला की लोळायचं. लोळलेला धान कापायला मजूर दुप्पट लागतात आणि दाणा काळा पडतो.

शेठजींच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेने याच धानाचं बुटकं वाण तयार केलं. कसं, ते मी शेतकऱ्यांना सांगायचो तसंच सांगतो. जीएम म्हणजे दुसऱ्याच्या शर्टाची बाही कापून आपल्या शर्टाला जोडणं. जीन एडिटिंग म्हणजे आपलीच पॅन्ट टाचेशी लोळते म्हणून चार बोटं आखूड करणं. बाहेरचं कापड नाही, फक्त कात्री. वास तोच, दाणा तोच, झाड कमरेएवढं.

तेव्हाचा कायदा मात्र बाही आणि पॅन्ट यांत फरक करत नव्हता, दोन्हींना सरकारी समितीची परवानगी लागायची. गंमत अशी, की हेच बियाणं किरणांखाली ठेवून, हजारो दाण्यांत आंधळेपणाने काय काय बिघडतं ते पाहून, त्यातलं एक बुटकं झाड निवडलं असतं, तर या परवानगीची गरजच पडली नसती. तसे धान आपण सगळे खात आलो आहोत. नेमकी कात्री लावली म्हणून समिती आली, दुहेरी कुंपण आलं, राखणदार आला, आत जाताना-येताना बूट धुवायची टाकी आली, आणि प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर आलं. शेठजी म्हणायचे, “बोरकर, मुट्ठीभर बीज और बोराभर फाइल.” मोठ्या कंपन्यांकडे फाइल सांभाळायला वेगळी माणसं असतात. आमच्याकडे मीच चिखलात आणि मीच फाइलीत. परवानगीत गेलेल्या दोन वर्षांत आम्ही दुसरं नवं बियाणं काढलंच नाही, सगळा जीव याच्यात ओतला.

चाचणीसाठी मी अनुसयाबाईंची एक बांधी निवडली. गावाच्या टोकाला होती, आजूबाजूला पडीक जागा, आणि बाई विश्वासाच्या. त्यांनाच राखणदार म्हणून नेमलं. शेजारच्या तुकड्यात तुलनेसाठी त्यांचाच जुना उंच घरचा धान लावला. अटी मी त्यांना मराठीतून दोनदा वाचून दाखवल्या : इथला एक दाणाही बाहेर जाणार नाही. कापणीनंतर नमुने सोडून सगळं वजन करून जाळायचं.

“जाळाचं?” त्या म्हणाल्या. “चांगला धान कावून जाळाचा, भाऊ?”

“सरकारचा नियम हाय, बाई.”

“असंन. मंग जाळू.”

पीक बघण्यासारखं आलं. दिवाळीआधी वादळ झालं, अख्ख्या गावचा धान चटईसारखा झोपला आणि कुंपणातलं आमचं बुटकं उभंच. लोक कुंपणाबाहेरून बघून जात. मी इतक्या वर्षांत कोणत्याही पिकाकडे एवढ्या अभिमानाने पाहिलं नव्हतं.

कापणी झाली, वजन झालं. तुलनेच्या उंच धानाचा नमुना मी पाकिटात घालून सील केला. बाकीचं समितीच्या माणसासमोर जाळलं. मग बाईंच्या ओसरीवर चहा प्यायला बसलो. दारावर धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर टांगली होती. छत्तीसगढात ही पद्धत घरोघरी आहे : नव्या पिकातल्या पहिल्या, सगळ्यांत भरलेल्या लोंब्या विणून दारावर टांगायच्या, चिमण्यांसाठी. पहिला घास पाखरांचा, मग माणसांचा.

चालता चालता दोन बोटांचा फरक टिपणारा माणूस मी. झालर बघितली आणि मला कळलं, की ती कुंपणातल्या बुटक्या धानाची आहे. लोंब्या गच्च होत्या आणि खालचा दांडा आखूड होता. कापणीच्या आदल्या सकाळीच बाईंनी त्या तोडल्या असणार. त्यांच्या लेखी ही चोरी नव्हतीच. पाखरांचा वाटा पिकाच्या मापात कोण धरतो?

मी म्हणालो, “झालर लय सुंदर झाली, बाई.”

“पाखरं बी खुश होतीन,” त्या म्हणाल्या.

समितीच्या माणसाने रजिस्टर पुढे केलं. ‘सर्व दाणे नष्ट’ या ओळीखाली मी सही केली. मनात म्हटलं, चिमण्या खाऊन टाकतील, चार लोंब्यांसाठी म्हातारीची मानखंडना कशाला करा. नोकरीतली माझी सगळ्यांत मोठी चूक मी चहाचा कप हातात असताना केली.

मे महिन्यात परत गेलो, तर बाई दारातच हसत उभ्या होत्या.

“भाऊ, यंदा मान आपल्याले भेटला.”

“कायचा मान?”

“अकतीचा पह्यला दोना माहा ठेवला बैगानं.”

इथे थोडं सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला इकडे अकती म्हणतात. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या बियाण्याची मूठ पानाच्या दोन्यात, म्हणजे द्रोणात, घालून ठाकुरदेवापुढे नेतं. बैगा, म्हणजे गावचा पुजारी, सगळ्यांच्या मुठी एकत्र कालवतो आणि प्रत्येकाच्या दोन्यात थोडं थोडं परत देतो. ते घरी नेऊन आपल्या सगळ्या बियाण्यात मिसळायचं आणि पावसाळ्यात पेरायचं. बैगा म्हणतो, “सब घर के बीजा मिलही, तब गाँव के धान होही.” सगळ्या घरांचं मिळून एक होतं, तेव्हा ते गावाचं. अनुसयाबाईंना सुरुवातीची कित्येक वर्षं दोना आणायला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढे शेवटच्या रांगेत जागा मिळाली. आणि आता पहिला दोना त्यांचा.

“म्हटलं, देवापुढं पह्यला ठेवाचा त सगळ्यात चांगला ठेवाव. पाखरांनं जे ठेवलं होतं न झालरीत, तेच चोळून नेलं.”

मी विचारलं, “मंग तो धान कुठं गेला, बाई?”

“कुठं म्हंजे? कालवला न जी. आता गावात ज्याच्या-त्याच्या कोठीत आपला बी दाना हाय.”

इतकं आनंदलेलं माणूस मी क्वचितच पाहिलं आहे. आणि मी त्यांना म्हणालो, “बाई, हे तुमी कोणाले सांगू नका.” म्हणालो आणि लगेच कळलं, की हे वाक्य खरं तर मी स्वतःला सांगतो आहे.

संध्याकाळी शेठजींना सगळं सांगितलं. झालरीचंही. ते म्हणाले, “बोरकर, किसी मशीन में नहीं दिखेगा. तुम भी मत देखो.”

मशिनीबद्दल ते बरोबरच होते. मिलवाला जी जीएमची चाचणी करून घ्यायचा ती परकं जनुक शोधते. इथे परकं काही नव्हतंच, फक्त एक टाका उसवलेला होता. कुठे उसवला आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच तो सापडला असता. जगात हे माहीत असलेली माणसं तीन : बाई, मी आणि शेठजी. त्यातल्या बाईंना आपल्याला काय माहीत आहे हेच माहीत नव्हतं.

आठ दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. कुसुम विचारायची, “कावून असे भिंतीकडं पाहून राहिले जी?” शेवटी तिला सांगितलं. ती म्हणाली, “चूप बसले त कोनाचं वाईट होते?” मी म्हणालो, कोणाचंच नाही. “आन् सांगितलं त?” मी म्हणालो, सगळ्यांचं. “मंग विचारता कायले?”

तरीही मी समितीला कळवलं. का, याचं मोठं उत्तर असं, की मिलवाला दरवर्षी परदेशी गिऱ्हाइकाला जे पत्र द्यायचा त्यात या गावच्या धानाच्या शुद्धतेखाली माझी सही असायची, आणि जन्मभर भेसळ उपटणाऱ्या माणसाला खोटी सही करवेना. छोटं उत्तर असं, की एक खोटी सही आधीच केली होती आणि मी घाबरलो होतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत. थकलेल्या दिवशी मला दुसरं जास्त खरं वाटतं.

हुकूम आला. अकतीचं बियाणं ज्या ज्या कोठीत गेलं, ती कोठी रिकामी करायची. म्हणजे गावातला सगळा घरचा धान. शाळेच्या मैदानात पोती जमा झाली. पहिलं पोतं अनुसयाबाईंनी स्वतः डोक्यावर आणलं. बैगा एका बाजूला उभा होता. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे तर सगळं ओलंच होतं. वर्षानुवर्षं मुठी कालवत आलेलं ते बियाणं तासाभरात संपलं, आणि जळताना त्याचा तोच शिजलेल्या भाताचा वास गावभर सुटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुराने नव्हे.

परतताना बाईंनी मला धुऱ्यावर गाठलं.

“म्या सांगितलंच नसतं त, भाऊ?”

“त कोणालेच कळलं नसतं.”

“मंग सांगून म्या चूक केली का?”

“नाही बाई. चूक माही होती.”

“तुमची कशी? धान त म्या नेला.” आणि त्या चालू लागल्या.

कंपनीने गावाला बदली बियाणं दिलं, साधा जाडा धान. सरकारी खरेदीच्या सोसायटीत त्याला भाव बरा मिळतो, त्यामुळे कोणी उपाशी राहिलं नाही. नुकसान झालं ते असं, की मिलवाला फिरकेनासा झाला आणि गावाच्या हातात सोसायटीखेरीज दुसरं गिऱ्हाईक उरलं नाही. आमची कंपनीही त्यातून उठली नाही. शेठजींनी गोदाम विकलं, चाचणीचे कागद एका मोठ्या कंपनीला दिले. आणि अनुसयाबाईंना पुढच्या अकतीला कोणी दोना आणायला सांगितलं नाही. त्या पुन्हा ‘मराठिन’ झाल्या.

मी निवृत्त झालो, नेहरू नगरच्या घरात बसून पेपर वाचू लागलो. आणि एक दिवस पेपरात वाचलं : बाहेरचं जनुक न घालता नुसती कात्री लावलेल्या पिकांना जुन्या कडक परवानगीतून सूट. आमच्या बुटक्या धानासारख्या धानाला. त्यानंतर तसे धान जाहीरही झाले. चांगलंच झालं, मी त्याच्या विरुद्ध नाही. दिवाळीच्या वाऱ्यात उभं राहिलेलं पीक मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण वरातीमागून घोडं आलं की ते कितीही चांगलं असो, नवरदेव पायी गेलेला असतो. शिवाय सरकारने कुंपण काढलं तरी परदेशी गिऱ्हाईक आपल्या देशाच्या नियमाने चालतं. आमच्या ओळखीचा मिलवाला अजून विचारतोच, “कात्रीवाला है क्या?” सूट मिळून ती वापरणारे उरले ते मोठेच. आमच्यासारखे छोटे सुटीची वाट बघताबघताच संपले.

पेपर घेऊन मी त्या गावात गेलो. बाईंना वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकलं.

“म्हंजे आता चालते?”

“आता चालते.”

“मंग तवा कावून जाळला?”

मी पेपरची घडी केली, उलगडली, परत केली.

घरी आलो आणि माळ्यावरची कंपनीची पेटी काढली. तिच्यात ते पाकीट होतं. तुलनेच्या उंच धानाचा सीलबंद नमुना, अकतीच्या आधीचा, निखळ, त्या गावाचा घरचा धान. ते तिथे आहे हे मी विसरलो होतो का? नाही. पण चौकशी चालू असेपर्यंत सील तोडू नये, असं समितीचं पत्र होतं. चौकशी संपल्याचं पत्र कधी आलंच नाही. मी वाट बघत राहिलो. पहिल्या वर्षी ते पाकीट फोडलं असतं, तर दाणा न् दाणा उगवला असता आणि चार पावसाळ्यांत गावाला आपलं बियाणं परत मिळालं असतं. बियाणं आमच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षं जगतं, हे मी शेकडो शेतकऱ्यांना शिकवलं. मी सहा पावसाळे एका पत्राची वाट बघितली.

सील तोडलं. मोजून चारशे दाणे भरले. शंभर-शंभर करून ओल्या कागदात गुंडाळले, प्रयोगशाळेत करायचो तसेच. कुसुम रोज पाणी शिंपडायची आणि वाकून बघायची. चौथ्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी दोन पांढरी टोकं. चौदाव्या दिवशी मी शेवटची मोजणी केली : चारशेत नऊ. सवयीने कागदावर ‘नापास’ लिहिलं आणि मग तो कागद फाडला.

कुसुम म्हणाली, “नऊ काय कमी हाय जी?”

ते नऊ अंकुर ओल्या फडक्यात, स्टीलच्या डब्यात घालून मी मांडीवर ठेवले आणि बसने गेलो. बाई दारात धान पाखडत होत्या. आता त्यांना नीट दिसत नाही. डबा उघडून मी सांगितलं, हे काय आहे, कुठून आलं, आणि इतकी वर्षं कोणी दाबून ठेवलं होतं. काही लपवलं नाही.

त्यांनी सूप खाली ठेवलं. बोटाने एकेक अंकुर मोजला. मला वाटलं, आता रागावतील, आणि तो राग मला हवाही होता. पण त्यांनी डब्याचं झाकण हळूच अर्धं लावलं, रस्त्याकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

“भाऊ, हे लावाले परवानगी त नाही लागत न?”